लाकडी पाय क्रमांक तीन

ही गेली त्या दिवशी सकाळी मी रबराचा चौथा दोरा कापत होतो.

फोन सरकारी संशोधन योजनेच्या कार्यालयातल्या पहारेकऱ्याचा होता. ही तिथे तिमाही अहवाल द्यायला गेली होती. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. पहारेकरी म्हणाला, "बाई जिन्यात बसल्या. मी म्हटलं, थांबा, पाणी आणतो. पाणी घेऊन आलो तर बोलेनात." कुठल्या दवाखान्यात नेलंय ते त्याने दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा माझ्या डोक्यात शिरलं नाही. तिसऱ्यांदा मी ते समोरच्या कापडावर खडूने लिहून घेतलं आणि कापड खांद्यावर टाकूनच निघालो.

मी पोचलो तोवर सगळं संपलं होतं. एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. तिने मला बाकावर बसवलं आणि जे सांगायचं ते नीट, न घाबरता सांगितलं. हृदय बरेच दिवस थकलेलं होतं, असं म्हणाली. मग तिने विचारलं, "त्यांचे पाय कधीपासून सुजत होते?"

मी म्हटलं, "पाय नाही सुजले. आमचा दोरा सैल पडतो."

तिला वाटलं, धक्क्याने माणूस काहीबाही बोलतोय. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. पण मी पूर्ण शुद्धीत होतो. तीन महिने मी हेच बोलत होतो. माझ्या बायकोची भाची हेच बोलत होती. जिच्या पायाबद्दल बोलणं चाललं होतं, तीसुद्धा हेच बोलत होती. फरक इतकाच, की त्या बाकावर ते वाक्य मी पहिल्यांदा स्वतः ऐकलं.

माझा धंदा पट्ट्यांचा. कंबर धरली, गुडघा दुखावला, मनगट लचकलं की डॉक्टर जे पट्टे बांधायला सांगतात, ते मी पस्तीस वर्षं शिवतोय. ही तीस वर्षं हृदयाच्या वॉर्डात नर्स. तिथे तिला एका गोष्टीचा फार राग यायचा. बरा होऊन घरी गेलेला माणूस पंधरा दिवसांत तसाच धापा टाकत परत यायचा. हृदय थकलं की अंगात पाणी साठतं, ते आधी पायांत उतरतं, आणि दम लागायच्या आठवडाभर आधी उतरतं. पण इतकं हळूहळू, की घरात कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून आलेल्या प्रत्येकाला हिचा पहिला प्रश्न असायचा, "सँडलचा पट्टा कुठल्या भोकात लावता? आणि मागच्या आठवड्यात कुठल्या भोकात लावत होता?" डॉक्टर आधी हसायचे. नंतर तेही विचारायला लागले.

निवृत्त झाल्यावर एक दिवस ती माझ्या दुकानात येऊन शिलाई मशीनसमोर उभी राहिली. "आयुष्यभर माणसांना आवळायचे पट्टे केलेत. आता पाय किती सुजला ते मोजणारा पट्टा करून दाखवा."

"पट्टा मोजणार कसा? त्याला काय डोळे आहेत?"

"तुम्हाला आहेत ना? मग तुम्ही बघा."

मोजायचं कसं ते भाचीने सांगितलं. ती हिच्या भावाची मुलगी, इंजिनिअर. आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून लहानपणापासून ती आमच्याकडेच जास्त. हिला आत्या म्हणायची आणि मला आतोबा. रबराच्या दोऱ्यात कोळशाची बारीक पूड असली की दोरा ताणल्यावर त्यातून वीज कमी जाते. घोट्याभोवतीच्या पट्ट्यात तो दोरा शिवायचा, काडेपेटीएवढी डबी जोडायची, आणि घेर मिलिमीटरभर वाढला तरी डबीला कळणार. घेर वाढतच राहिला तर डबी वाजणार.

लहान उद्योगांनी नवं वैद्यकीय साधन शोधावं म्हणून सरकारची एक योजना आहे. आम्ही तिघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर अर्ज लिहिला आणि कुणाला खरं वाटणार नाही, पण तो मंजूर झाला. योजनेचे दोन टप्पे होते. पहिल्या टप्प्यात पट्टा लाकडी पायावर बांधून बरोबर मोजतो हे दाखवायचं. ते पटलं तर दुसरा टप्पा, खऱ्या रुग्णांच्या पायांवर. त्याला नैतिक समितीची परवानगी हवी, प्रत्येक रुग्णाची लेखी संमती हवी. त्याच्याआधी माणसाच्या पायाला पट्टा लावायचा नाही, हे नियमांच्या पुस्तिकेत ठळक अक्षरात होतं.

मी सुताराकडून दोन लाकडी पाय करून घेतले. मधोमध चिरलेले, आत स्क्रू. स्क्रू फिरवला की पाय हवा तेवढा फुगतो. दोन्ही पायांवर पट्ट्याने मिलिमीटर न् मिलिमीटर बरोबर सांगितला. मी खूश, भाची खूश. ही नाही.

"लाकडाला घाम येत नाही," ती म्हणाली. "लाकूड बाजारात जात नाही, जिने चढत नाही. खऱ्या पायावर टिकतो का ते बघायला नको?" आणि तिने पट्टा उचलून स्वतःच्या डाव्या घोट्याला बांधला.

"अगं, नियमात बसत नाही ते."

"नियम बाहेरच्या पायांना. हा घरचा पाय आहे."

भाचीच्या प्रोग्रॅममध्ये फक्त लाकडी पायांची यादी होती. तिने हसत हसत तिसरी ओळ भरली, लाकडी पाय क्रमांक तीन. पुढे आमच्यात ते नावच पडलं. ही दुकानात शिरली की आधी म्हणायची, "लाकडी पायाला चहा मिळेल का?"

पहिला महिना चांगला गेला. मग घोडं पेंड खायला लागलं. संध्याकाळ झाली की तीन नंबरचा घेर तीन-चार मिलिमीटर वाढलेला दिसायचा, सकाळी पुन्हा जागेवर. पुढे सकाळीही जागेवर येईना. मी लगेच म्हटलं, रबर. माझ्या धंद्यात दुसरं उत्तरच नसतं. गिऱ्हाईक पट्टा घेऊन परत आलं की मी त्याच्या पोटाकडे कधी बघत नाही, रबराकडे बघतो. अंगाच्या उबेने दोरा मऊ पडत असणार, लाकूड थंड म्हणून तिथे पडत नसणार. मी दोरा बदलला. पुन्हा तेच. दुसऱ्या कारखान्याचा दोरा आणला. पुन्हा तेच.

"तुमच्या हाताला लागलं की सगळं सैल पडतं," ही म्हणायची.

"तुला पस्तीस वर्षांनी कळलं?"

भाचीने दुसरा उपाय काढला. दोरा रोज जेवढा चुकतो तेवढं प्रोग्रॅमनेच वजा करायचं. आत्या धडधाकट, म्हणजे तिचा पाय हे आमचं शून्य. शून्य वाढलं तर चूक दोऱ्याची, ती काढून टाकली की डबीही उगाच वाजणार नाही. हिशेब बिनचूक होता. हिनेही मान डोलावली. वॉर्डात कुणाचाही पाय दिसला की अंगठ्याने दाबून खड्डा पडतो का बघणारी बाई. स्वतःचा पाय तिने एकदाही दाबला नाही. जिना चढताना थांबायची, तर म्हणायची वय झालं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्याकडे तिघांनी मिळून पाडला होता.

मोजायची टेप दिवसभर माझ्या गळ्यात असते. नियमाप्रमाणे दोन्ही लाकडी पाय मी दर शनिवारी टेपने मोजून लिहून ठेवत होतो. तीन नंबर नियमात नव्हता, म्हणून त्याला टेप लावायचं कधी डोक्यातच आलं नाही.

तिसऱ्या महिन्यात ही सँडलची जोडी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "अहो, पट्ट्याला एक भोक वाढवून द्या. चामडं आटलंय."

मी म्हटलं, "चामडं आटत नाही, माणूस वाढतं."

"वाढतं म्हणे! डब्यातली भाजी तुम्ही माझ्यासाठी ठेवता का कधी?"

मी हातोडीने पंच ठोकून दोन्ही पट्ट्यांना एकेक भोक पाडलं. तिने सँडल घातली, म्हणाली, "आता बरं वाटलं," आणि गेली.

दवाखान्यातून तिच्या वस्तू पिशवीत मिळाल्या. त्यात सँडल होती आणि पट्टाही होता. पट्टा मी भाचीला दिला. सँडल टेबलाच्या खालच्या खणात, फोमच्या तुकड्यांखाली ठेवली.

भाची आठ-दहा दिवसांनी कामावर आली. मी मशीनवर बसायचो, ती खिडकीपाशी. पूर्वी तिचा स्क्रीन माझ्याकडे असायचा, आता तिने तो भिंतीकडे वळवला होता. डबीतले शेवटचे आकडे तिने उतरवून घेतले असणार, पण मला दाखवले नाहीत, मी मागितले नाहीत. सँडलचं मी तिला सांगितलं नाही. वजाबाकी तिची होती. आत्या तिला आईपेक्षा जवळची. पोरगी अजून तिशीत नाही, हे ओझं तिच्या डोक्यावर कशाला, असं मला वाटायचं. ती माझ्याबद्दल तेच म्हणत असेल हे माझ्या लक्षात आलं नाही.

एका दुपारी ती स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "आतोबा, शेवटच्या अहवालातून तीन नंबर काढून टाकूया का? एक आणि दोनचे आकडे चोख आहेत. तेवढ्यावर दुसरा टप्पा मिळेल."

"काढ," मी म्हटलं.

दोघांचाही जीव भांड्यात पडला. तिने त्या दिवशी चहासुद्धा केला.

पण एक गोष्ट आम्ही विसरलो होतो. ही अहवाल घेऊन जिना चढत होती. पहारेकऱ्याने तिच्या हातातली फाइल इमानाने वर नेऊन दिली होती, आणि नियमाप्रमाणे मूळ आकडे, म्हणजे वजाबाकी न केलेले, त्या फाइलच्या शेवटी जोडलेले होते. चार महिन्यांचे. तिन्ही पायांचे.

महिन्याभराने योजनेचे तपासनीस आले. बारीक अंगाचे गृहस्थ, निवृत्तीला आलेले, काखेत फाइल. आल्या आल्या म्हणाले, "बाईंचं कळलं. वाईट झालं." एवढंच. मग स्वतःच्या पिशवीतून कॅलिपर काढून त्यांनी दोन्ही लाकडी पाय मोजले, स्क्रू फिरवून पुन्हा मोजले, डबीवरचे आकडे पाहिले आणि फाइलमध्ये दोन बरोबरच्या खुणा केल्या.

"आणि तिसरा?"

भाची पटकन म्हणाली, "तो तडकला. टाकून दिला."

"अस्सं." त्यांनी फाइल उघडून तिच्यासमोर धरली. "तडकायच्या आधी तो रोज संध्याकाळी फुगत होता. सकाळी उतरत होता. असतं, लाकूड हवेतलं पाणी पितं. पण हे बघा. दर रविवारी कमी फुगलाय. तीस वर्षं मी आकडे बघतोय, पण सुट्टी घेणारं लाकूड मी पहिल्यांदा पाहिलं."

मी मशीनवर पाय ठेवून बसलो होतो.

ते माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "कुणाचा पाय होता?"

मला कळत होतं, आता बोललो तर काय होईल. परवानगी नसताना माणसावर चाचणी, आणि ते माणूस गेलेलं. दुसरा टप्पा बंद, कदाचित दुकानही काळ्या यादीत. हिने जे वॉर्डात तीस वर्षं डोक्यात ठेवलं होतं ते आमच्याबरोबरच संपणार, आणि भाचीच्या नावाला कायमचा डाग. 'सुताराने ओलं लाकूड दिलं' म्हटलं असतं तर त्यांना ते खोटं ठरवणं जड गेलं असतं. सुतारही माझाच मित्र, तो हो म्हणाला असता.

पण बोलायला तोंड उघडलं आणि मला ते बाकावरचं वाक्य आठवलं. दोरा सैल पडतो. तेच पुन्हा, आता सहीशिक्क्यासकट, कायमचं लिहून ठेवायचं. मी वाकून खालचा खण उघडला, फोम बाजूला केला आणि सँडलची जोडी त्यांच्यापुढे टेबलावर ठेवली.

"हा तिसरा पाय," मी म्हटलं. "माझ्या बायकोचा. तिनेच बांधून घेतला होता. हे शेवटचं भोक मी पाडलंय. ती म्हणाली चामडं आटलंय, मी पाडून दिलं."

भाचीने ते भोक पहिल्यांदा पाहिलं. ती खुर्चीवरून उठली, पुन्हा बसली. "आतोबा, तुम्ही भोकच पाडलंत. मी तर वजा करत होते. पट्टा रोज सांगत होता आणि मी रोज पुसत होते. त्या दिवशीचे आकडे आहेत माझ्याकडे. सकाळी निघतानाचे. मी तुम्हाला दाखवणार नव्हते."

"मीही तुला सँडल दाखवणार नव्हतो."

"का?"

"तू का नव्हतीस?"

ती रडायला लागली आणि मीही. परका माणूस समोर बसलाय याचं दोघांनाही भान राहिलं नाही. तपासनीस खिडकीकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, "जरा टेप द्याल का?"

मी गळ्यातली टेप काढून दिली. त्यांनी जुन्या भोकापासून नव्या भोकापर्यंत मोजलं. "अकरा मिलिमीटर. हे भोक कधी पाडलं?"

मी आठवडा सांगितला. भाचीने डोळे पुसत तो आठवडा काढला. मूळ आकडे, वजाबाकीशिवाय.

"सकाळी दहा," ती म्हणाली. "संध्याकाळी तेरा."

त्यांनी टेप गुंडाळून माझ्या हातात दिली. "म्हणजे तुमचा पट्टा बरोबर होता." एखादी तक्रार नोंदवावी तशा आवाजात ते हे म्हणाले.

मग चष्मा काढून त्यांनी सगळं स्पष्ट सांगितलं. हे आकडे पुरावा म्हणून धरता येणार नाहीत. परवानगी नाही, संमती नाही. नियम मोडला हे त्यांना लिहावंच लागेल, आणि पुढे काय करायचं ते वरिष्ठ ठरवतील.

भाचीने विचारलं, "आतोबा गप्प बसले असते तर?"

"तर अंगावर दोरा भरवशाचा नाही असं लिहून मी फाइल बंद केली असती. तेच लिहायला आलो होतो."

जाताना ते दारात थांबले. आपल्या बुटांकडे बघून म्हणाले, "अहवाल द्यायला आल्या की बाई मला विचारायच्या, साहेब, नाडी अलीकडे सैल बांधता का? मी चिडायचो. म्हणायचो, बाई, इथे तपासनीस मी आहे." एवढं बोलून ते गेले.

पत्र यायला सात आठवडे लागले. पहिला टप्पा दोन लाकडी पायांच्या आकड्यांवर मान्य झाला. नियम मोडल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली, ती आम्ही दोघांनी सही करून घेतली. दुसरा टप्पा नैतिक समितीची परवानगी मिळेपर्यंत थांबवला आहे. बंद केलेला नाही, थांबवला आहे. तो शब्द भाचीने मला चार वेळा वाचून दाखवला. प्रोग्रॅममधून तिने वजाबाकी काढून टाकली आहे. तिसरी ओळ तिने ठेवली आहे, फक्त त्यातलं 'लाकडी' खोडलं आहे.

समितीला रुग्णांसाठी माहितीपत्रक हवं आहे, सोप्या भाषेत, रुग्णाने ते वाचून सही करायची. हे काम आम्ही हिच्यासाठी राखून ठेवलं होतं, कारण आजारी माणसाशी कसं बोलायचं ते आमच्यात तिलाच येत होतं. भाचीने एक खर्डा केला. सुरुवातच अशी, 'सहभागी व्यक्तीच्या घोट्याच्या परिघातील बदलांचे मापन'. मी म्हटलं, "आत्याने हे वाचलं असतं तर तुझ्या डोक्यात घातलं असतं." ती म्हणाली, "मग तुम्ही लिहा, आतोबा."

म्हणून आता मी लिहितोय. वरती हिचा प्रश्न घेतलाय, तुमच्या सँडलचा पट्टा कुठल्या भोकात लागतो. त्याखाली पट्टा कसा बांधायचा, कधी काढायचा, अंगाला रुतला तर काय करायचं, डबी ओली झाली तर काय, हे सगळं लिहून झालं. ते मला येतं.

शेवटी समितीने एक रकाना सक्तीचा ठेवलाय. डबी वाजली तर घरच्यांनी काय करावं. तो अजून लिहायचा राहिला आहे.